मान-पाठीच्या जुन्या दुखण्याचं सामान : नागपूरच्या बाजारातलं काय घ्यावं, काय राहू द्यावं

मेडिकल चौक, धंतोली किंवा रामदासपेठेतल्या सर्जिकलच्या दुकानात जाऊन "मान-पाठ कायम दुखते, काहीतरी द्या" एवढंच म्हणा, पाच मिनिटांत काउंटर भरून जातो. कमरेचा पट्टा, रबरी पिशवी, विजेवर तापणारी जेलची पिशवी, स्प्रे, टेन्स मशीन (कातडीतून सौम्य करंट देणारं) आणि हल्ली मसाज गन. सगळं उचललं तर सात-आठ हजारांना सहज चाट बसते. यातल्या बहुतेक वस्तू दुखणं कमी करतात, हे खरं आहे. पण किती वेळ? अर्धा तास, एक तास, फार तर एक दुपार. म्हणून इथे प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावली आहे : ती जी सवड मिळवून देते, त्या सवडीत स्नायूकडून काम करून घेता येतं का? येत असेल तर पैसे वसूल. ती वस्तू नुसतं पडून राहायला मदत करत असेल, तर सहा महिन्यांनीही दुखणं जिथल्या तिथे असतं आणि अंगातली ताकद मात्र कमी झालेली असते.

ही कसोटी का, ते आधी समजून घ्यायला हवं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा उसळणारं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे २०२२ पासून लागू असलेल्या यादीत, त्याला स्वतःची वेगळी जागा दिली आहे. उसण भरली, लचक आली, तर ताणलेला स्नायू काही आठवड्यांत भरून येतो. त्यानंतरही ठणका राहिला तर बहुतेक वेळा तिथे जखम शिल्लक नसते. मज्जारज्जू आणि मेंदूतल्या चेतापेशी छोट्याशा निरोपालाही मोठा प्रतिसाद द्यायला शिकलेल्या असतात. म्हणून नुसती बॅग खांद्याला लावली तरी कळ येते. त्यात दुखतं म्हणून माणूस हालचाल टाळतो, स्नायू अशक्त होतो, मग रोजचंच काम त्याला जड जातं आणि तो आणखी लवकर दुखतो. दुखणं मनाचं नाही, अगदी खरं आहे. फक्त त्याचा अर्थ दरवेळी "इथे काहीतरी तुटलंय" असा नसतो.

मालिशवाले आणि दुकानदार ज्याला "गाठ" म्हणतात, त्याबद्दल थोडं. मानेपासून खांद्याकडे जाणाऱ्या स्नायूत बोटाला ताठर दोरीसारखी पट्टी लागते, तिच्यावर दाबलं की कळ डोक्यात किंवा दंडात जाते. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी अशा जागांचे सविस्तर नकाशे केले आणि "ट्रिगर पॉइंट" हा शब्द रूढ केला. नकाशे आजही कामाला येतात. पण तीच गाठ दोन जाणकार तपासनीसांना एकाच जागी सापडेल याची खात्री नसते, आणि ती नेमकी कशाची बनते यावर अजून एकमत नाही. त्यामुळे "गाठ फोडून देतो" या बोलीवर कोणी पैसे मागत असेल तर सावध व्हा. "साचलेलं लॅक्टिक ॲसिड बाहेर काढतो" हे तर सरळ चूक आहे. व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात शरीर स्वतःच वापरून टाकतं, ते वर्षानुवर्षं खांद्यात साचून राहत नाही.

आणि दुकानात जाण्याआधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. अंगभर दुखतं, थकवा जात नाही, तर थायरॉइड (टीएसएच), ड जीवनसत्त्व, साखर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ईएसआर किंवा सीआरपी (अंगातला दाह दाखवणाऱ्या) एवढ्या तपासण्यांत बरंच कळतं. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असेल आणि मांड्या-दंड दुखायला लागले असतील तर सीके ही स्नायूंची इजा दाखवणारी तपासणी करून घ्या, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला सकाळी पाऊण तासाहून जास्त वेळ दोन्ही खांदे आणि मांड्यांचे वरचे भाग जखडत असतील, तर तो पॉलिमायल्जिया, म्हणजे स्नायू जखडणारा दाहाचा आजार, असू शकतो. त्याला वेगळं औषध आहे आणि ते लागूही चांगलं पडतं. विदर्भात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही : सिकलसेल, म्हणजे रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. आपल्या भागात हा आजार बऱ्याच घरांत आहे. त्याच्या झटक्यात हाडं आणि स्नायू ठणकतात, आणि "कामाने अंग दुखतंय" म्हणून त्यावर बर्फ लावला जातो. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि झटका वाढू शकतो. घरात कोणाला हा आजार असेल तर स्वतःचं रक्त तपासून घ्या. तोवर बर्फाचा शेक नको.

ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हातापायातली ताकद जाणं, हे असेल तर खरेदी नको, डॉक्टर गाठा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेचा भाग बधिर झाला तर त्याच दिवशी हॉस्पिटल. छाती-जबडा-डावा हात दुखून घाम सुटत असेल तर तो स्नायू समजून चोळत बसू नये.

आता वस्तू. सगळ्यात आधी शेक, कारण स्वस्त आहे आणि चुकाही त्यातच सर्वांत जास्त होतात.

दोनशे ते चारशे रुपयांची साधी रबरी पिशवी आजही सगळ्यात भरवशाची. तिचं काम ४० ते ४५ अंशांची ऊब पंधरा-वीस मिनिटं देणं, एवढंच. उकळतं पाणी थेट ओतू नये, त्याने रबर लवकर मरतं आणि कातडी भाजते. निम्मं उकळलेलं आणि निम्मं नळाचं पाणी मिसळलं की साधारण ६० अंशांच्या आसपास येतं, टॉवेलमधून अंगाला त्याहून कमी लागतं. (मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणीच चटका देतं, तेव्हा उकळलेलं कमी घ्यावं.) पिशवी दोन-तृतीयांश भरायची, ओट्यावर आडवी धरून पाणी तोंडाशी दिसेपर्यंत आतली हवा दाबून काढायची, मगच बूच लावायचं. हवा राहिली की पिशवी फुग्यासारखी टणक होते, अंगाला नीट टेकत नाही आणि दाब आला की बुचातून गळते. बूच लावल्यावर सिंकवर उलटी धरून बघा. दुहेरी टॉवेल गुंडाळा. पिशवी अंगावर ठेवायची, तिच्यावर झोपायचं नाही. अंगाच्या वजनाखाली कातडीतलं रक्त दबतं, उष्णता वाहून न्यायला रक्तच नसतं, आणि तिथे भाजतं. काही चांगल्या पिशव्यांच्या मानेपाशी फुलासारखा ठसा असतो. मधला आकडा तयार झाल्याचं वर्ष, पाकळ्या महिने. दोन वर्षं झाली किंवा दुमडल्यावर बारीक चिरा दिसल्या की ती टाकून द्यावी. नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटावर ठेवलेलं रबर त्याआधीच जाऊ शकतं.

विजेवर पाच-दहा मिनिटांत तापणारी मखमली जेल पिशवी सोयीची आहे, पण ती आमच्या यादीत खाली आहे. काहींमध्ये आतल्या पाण्यातूनच वीज जाते. म्हणून प्लग काढल्याशिवाय तिला हातसुद्धा लावू नये, आणि फुगलेली, ओली वाटणारी किंवा शिवण उसवलेली पिशवी पुन्हा लावू नये. सुरुवातीला तिचा पृष्ठभाग चांगलाच चटका देणारा असतो, तेव्हा टॉवेल इथेही दुहेरीच. विजेचा हीटिंग पॅड किंवा पट्टा घेणार असाल तर आपोआप बंद होणारा टायमर असलेलाच घ्या. रात्रभर लावून झोपण्यात मोठा धोका आहे. ४४ अंश म्हणजे हाताला फक्त सुखद ऊब. पण तेवढीच ऊब एकाच जागी सहा तास राहिली तरी कातडी भाजते, हे १९४७ सालीच प्रयोगांनी दाखवून दिलेलं आहे. रोज शेक घेणाऱ्यांच्या पाठीवर जाळीसारखे तपकिरी डाग दिसले तर तो शेक जास्त होतोय याचा पुरावा समजा. मधुमेहाने पाय किंवा पाठ बधिर झालेल्यांनी पिशवीची ऊब दंडाच्या आतल्या बाजूला तपासून मगच लावावी, शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाकडून.

तव्यावर गरम केलेल्या मिठाची किंवा ओव्याची पुरचुंडी मान आणि खांद्याच्या खोबणीत रबरी पिशवीपेक्षा चांगली बसते. तिचं तापमान एकसारखं नसतं, एवढीच अडचण. टेकवत-उचलत शेकावं, ठेवून देऊ नये. शेक कोणताही असो, खरा उपयोग उठल्यानंतरच्या दहा मिनिटांत आहे. स्नायू सैल असतो, कळ कमी असते. तेव्हा मान दोन्हीकडे वळवणं, खांदे वर-मागे फिरवणं, आणि खाली सांगितलेला रबराचा व्यायाम. शेकून लगेच झोपलात तर ती ऊब वाया गेली.

चेंडू. ज्या वस्तूची किंमत शंभरच्या आत आहे आणि गुण हजारांच्या वस्तूइतका, ती ही. काटेरी ॲक्युप्रेशर बॉलची गरज नाही, गल्ली क्रिकेटचा हलका टेनिस बॉल बरा. जड 'हार्ड टेनिस' सुरुवातीला घेऊ नये. बॉल लांब मोज्यात घाला आणि मोज्याचं टोक खांद्यावरून पुढे हातात धरा, म्हणजे बॉल पाठीमागे हव्या त्या उंचीवर लटकतो आणि निसटत नाही. भिंतीला पाठ लावून उभे राहा, पाय भिंतीपासून वीतभर पुढे. बॉल मणका आणि खांद्याचं पान यांच्या मधल्या मांसल पट्टीवर हवा, मणक्याच्या हाडावर अजिबात नको. गुडघे किंचित वाकवून वर-खाली सरका. जिथे ओळखीची कळ येते तिथे थांबा. दाब एवढाच की दहापैकी पाच दुखेल आणि श्वास मोकळा चालेल. श्वास रोखला गेला, दात आवळले गेले, तर दाब जास्त आहे. ३० ते ६० सेकंदांत कळ आपोआप उतरू लागते. उतरली की त्याच जागी दाब ठेवून त्या बाजूचा हात समोरून वर नेऊन खाली आणा, दहा वेळा. अशा दोन-तीन जागा, बस. बोटांत मुंग्या आल्या तर बॉल नसेवर आहे, लगेच सरकवा. काखेत, गळ्याला आणि बरगड्यांच्या खाली कमरेशी, जिथे मूत्रपिंड आहे, तिथे हा प्रयोग करू नये. दुसऱ्या दिवशी थोडं हुळहुळलं तर चालेल, तिसऱ्या दिवशीही निळं-जांभळं आणि दुखरं असेल तर दाब निम्मा करा. लोक इथेच चुकतात. जास्त दाबलं की जास्त बरं वाटेल असं नसतं. संवेदनशील झालेल्या चेतापेशींना तो आणखी एक जोरदार निरोप असतो.

फोम रोलर मांड्या आणि पोटऱ्यांसाठी ठीक. मान-खांद्यासाठी नको. घ्यायचाच तर ४५ सेंमीचा, मध्यम मऊ.

टेन्स मशीनवर सविस्तर लिहायला हवं, कारण पैसे जातात ते इथे आणि मशीन कपाटात पडतं तेही इथे. पट्ट्या चिकटवून कातडीतून सौम्य करंट द्यायचा आणि जाड चेतातंतू जागे करायचे. त्यांचे निरोप मज्जारज्जूत दुखण्याच्या निरोपांची वाट अडवतात, असा विचार रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडला. लागल्यावर आपण आपसूक ती जागा चोळतो, ते याच कारणाने. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या जुनाट दुखण्याच्या मार्गदर्शनात टेन्स देऊ नये असं म्हटलं आहे, हे ग्राहकाला माहीत असावं. दुसरीकडे २०२० साली अमेरिकेत फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा जुनाट आजार) असलेल्या महिलांवर झालेल्या चाचणीत, चार आठवडे टेन्स वापरल्यावर हालचालीच्या वेळचं दुखणं आणि थकवा कमी झाला. त्या महिलांनी करंट सोसवेल तेवढा वाढवून, मशीन लावूनच आपली कामं केली होती. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की मशीनची जागा कळते. आराम करताना लावायला ते घेऊ नका, फिरताना, व्यायाम करताना, ओट्यापाशी उभं असताना लावायला घ्या.

घेताना हर्ट्झ (सेकंदाला करंटचे किती ठोके) आणि मायक्रोसेकंद (एक ठोका किती वेळ टिकतो) दोन्ही वेगवेगळे बदलता येतात का बघा. दोन चॅनल, चार पट्ट्या आणि साधी २ मिमी पिनची वायर असावी, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या पट्ट्या बसतात. फुलपाखराच्या आकाराचे स्वस्त 'मिनी मसाजर' टाळा. त्यांवर फक्त १ ते २० असे टप्पे असतात, कोणता करंट मिळतोय ते कळत नाही, आणि त्यांची खास पट्टी संपली की दुसरी मिळत नाही. 'ईएमएस' लिहिलेलं मशीन स्नायू आकुंचन पावण्यासाठी असतं, ते वेगळं.

लावण्याची रीत अशी. जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. तेल, पावडर, बाम काही नको. तेलकट कातडीवर पट्टीचा एखादाच कोपरा चिकटतो, सगळा करंट त्यातून जातो आणि सुई टोचल्यासारखं होतं. मग माणूस घाबरून करंट कमी करतो आणि "मशीनचा उपयोग नाही" म्हणतो. पाठीसाठी मणक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं सोडून, दुखऱ्या जागेच्या वर आणि खाली पट्ट्या लावा. दोन पट्ट्यांमध्ये किमान एका पट्टीएवढं अंतर. ८० ते १०० हर्ट्झ, १०० ते २०० मायक्रोसेकंद. करंट इतका की ठळक झिणझिण्या याव्यात पण दुखू नये. पाच-दहा मिनिटांत झिणझिण्या मंद वाटू लागतात, चेतातंतूंना सवय होते. तेव्हा थोडा वाढवा. नेमकं हेच बहुतेक जण करत नाहीत. रोज तीच सेटिंग ठेवली की गुण कमी होत जातो. म्हणून एक दिवसाआड २ ते ४ हर्ट्झवर, स्नायू हलका फडफडेल इतपत, वीस-तीस मिनिटं लावून बघा. पेसमेकर असलेल्यांनी, गळ्याच्या पुढे व बाजूला, छातीवर आडवं, गरोदरपणात पोट-कमरेवर, कर्करोगाच्या जागेवर, बधिर कातडीवर आणि गाडी चालवताना टेन्स वापरायचंच नाही. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून.

पट्ट्यांचा खर्च दुकानदार सांगत नाही. एक जोड वीस-तीस वेळा चालतो. नागपूरच्या मे महिन्यात घामाने त्या सुटतात आणि टेबलावर उघड्या राहिल्या तर दोन दिवसांत वाळतात. काढल्याबरोबर प्लास्टिकवर परत चिकटवा, झिपच्या पिशवीत घालून फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. चिकटपणा कमी झाला तर बोटाने पाण्याचा एक थेंब फिरवा, आणखी चार-पाच वेळा चालते.

मसाज गन आकर्षक आहे. दीड हजारांपासून मिळते. दोन गोष्टी बघा : डोकं किती मिलिमीटर पुढे-मागे जातं, आणि दाबल्यावर मोटर अडकते का. ६-७ मिमीवाली गन नुसती थरथरते. १० ते १२ मिमी पुरे, १६ मिमी घरी नकोच. मऊ गोल डोकं, सर्वांत कमी वेग, एका स्नायूवर एक ते दोन मिनिटं, गन सतत हळूहळू सरकती. मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर कधीही नको, तिथे मेंदूला रक्त नेणाऱ्या रोहिण्या आहेत. मणका, खांद्याच्या पानाचं हाड, फुगलेल्या निळ्या शिरा, सुजलेली पोटरी, इथेही नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गन विसरा. गनच्या अतिवापराने स्नायूपेशी फुटून गंभीर आजारी पडल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. वापरानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर थेट हॉस्पिटल. आमच्या कसोटीवर गन कशीबशी पास होते, कारण ती जी सवड देते ती थोड्या वेळाची असते आणि ती सवड शंभर रुपयांचा चेंडूही देतो.

जेल, बाम, स्प्रे. डायक्लोफेनॅकचं १.१६ टक्क्यांचं जेल ताज्या लचकेवर आणि गुडघ्याच्या झिजेवर काम करतं. पाठीच्या खोलवरच्या जुन्या दुखण्यावर त्याची फार आशा ठेवू नये. मेंथॉलचा गारवा आणि मिरचीतल्या कॅप्साइसिनची आग या चेतातंतूंवरच्या ठरावीक ग्राहींना (संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरना) फसवून निर्माण झालेल्या संवेदना आहेत. कॅप्साइसिन वापरून उष्णतेचा ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. त्यातून मिळणारा दिलासा खरा, पण अल्पकाळचा. व्यायामाआधी लावायला स्प्रे चांगला. लावल्यावर वरून गरम पिशवी ठेवू नका, प्लास्टिक गुंडाळू नका, कातडी भाजते. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी मिथाइल सॅलिसिलेट असलेला बाम रोज चोळू नये, रक्तस्राव वाढू शकतो.

कमरेचा पट्टा ओझं उचलायच्या दिवशी दोन-तीन तास, बस. दिवसभर लावू नये. चुंबकाच्या गाद्या आणि तांब्याची कडी घेऊ नयेत.

आणि आता जी वस्तू दुकानदार कोपऱ्यात टांगून ठेवतो ती : व्यायामाची रबरी ट्यूब. दोनशे-पाचशे रुपये. सगळ्या यादीत पहिला नंबर हिचा. डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मान-खांदा वारंवार दुखणाऱ्या, ऑफिसात बसून काम करणाऱ्या १९८ जणांनी भाग घेतला. एका गटाने आठवड्यातले पाच दिवस रोज २ मिनिटं ट्यूबचा व्यायाम केला, दुसऱ्याने १२ मिनिटं, तिसऱ्याला फक्त आरोग्याची माहिती पाठवली. दहा आठवड्यांनी दोन्ही व्यायामगटांचं दुखणं स्पष्ट कमी झालं होतं. दोन मिनिटं! चहाला आधण येईपर्यंत होणारा व्यायाम.

कसा करायचा : ट्यूबच्या मधोमध दोन्ही पायांनी उभे राहा, टोकं हातात. कोपरं जराशी वाकलेली. दोन्ही हात बाजूला, पण थोडेसे पुढच्या दिशेने, खांद्याच्या उंचीपर्यंत उचला आणि सावकाश खाली आणा. उचलताना खांदे कानाकडे चढू देऊ नका. मान दुखणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते आणि मग भार नेमका दुखऱ्या पट्टीवरच येतो. दोन मिनिटं किंवा थकेपर्यंत. आधी हलकी ट्यूब. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. हाताने ताणून पाहा, १२-१५ वेळा उचलल्यावर दम लागेल अशी निवडा. करताना दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं तरी चालतं, अट एकच : दुसऱ्या सकाळी दुखणं नेहमीच्या पातळीवर परत आलेलं असावं. नसेल तर दोन दिवस निम्म्या वेळा करा, बंद करू नका. ट्यूब डिकीत किंवा गच्चीवर ठेवली तर उन्हाने तडकते, आणि ताणलेली ट्यूब तुटली की फटका थेट तोंडावर. दर आठवड्याला ताणून बारीक चिरा बघा, पायाखाली यायचा भाग आधी. टाल्कम पावडर लावून अंधाऱ्या कपाटात ठेवा.

कमरेच्या दुखण्यासाठी तर पैसेही लागत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या चालण्याच्या एका मोठ्या चाचणीत, २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, ७०१ जण होते. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत चालणाऱ्यांची कंबर पुन्हा दुखायला लागेपर्यंतचा मधला काळ २०८ दिवस निघाला, न चालणाऱ्यांचा ११२. अंबाझरी किंवा फुटाळ्याला जायलाच हवं असं नाही. उन्हाळ्यात पहाटे आपल्या ले-आऊटच्या रस्त्यावर दहा मिनिटांपासून सुरू करा. पुढे दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे पाण्याचे कॅन घेऊन घरातल्या घरात चाला, पाठ आणि खांद्यांना एकत्र काम मिळतं.

शेवटी फिजिओथेरपी, कारण ज्याला वस्तूंनी जमत नाही त्याला माणूस लागतो. शासकीय मेडिकलमध्ये फिजिओथेरपीचं स्वतःचं शिक्षणकेंद्र आहे, मिहानच्या एम्समध्ये पुनर्वसनाचा विभाग आहे. गर्दी असते, पण पैशांअभावी थांबायचं कारण नाही. खासगी ठिकाणी पहिली भेट किमान अर्ध्या तासाची हवी. झोप कशी आहे, काम काय, कोणती हालचाल टाळता, कोणती औषधं चालू आहेत, हे विचारायला हवं. हालचाल मोजायला हवी आणि तीन आठवड्यांनी पुन्हा मोजायला हवी. घरी करायचे व्यायाम आकड्यांसह लिहून मिळायला हवेत. आल्या आल्या आडवं करून 'करंट आणि शेक' लावला आणि दहा दिवसांचं पॅकेज हातात दिलं, तर दुसरीकडे जा. तिथला तो करंट बहुधा आयएफटी नावाचा असतो, कातडीला कमी टोचतो एवढंच, बाकी काम टेन्सचंच. दुखऱ्या जागेवर फिरवतात त्या अल्ट्रासाउंडच्या (ध्वनिलहरींच्या) उपचाराचा उपयोग जुनाट दुखण्यात सिद्ध झालेला नाही.

ड्राय नीडलिंग काहींना गुण देतं. औषध नसलेली बारीक सुई ताठर पट्टीत घालतात, स्नायू एकदम फडकतो, मग एक-दोन दिवस तो भाग दुखतो. सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली पाहिजे. खांद्याच्या वर आणि बरगड्यांवर ती खोल गेली तर फुफ्फुसाला छिद्र पडू शकतं. म्हणून तिथे सुई घालण्याआधी स्नायू चिमटीत उचलून धरतात का, ते बघा. सुईनंतर धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत टोचलं, तर रात्र न काढता लगेच एक्स-रे काढून घ्या.